सकाळची पहिली पावती

फोन आला तेव्हा मी कंपनीच्या बसमध्ये होतो. सरस्वतीपुरमहून निघालेली बस नंजनगूड रस्त्याला लागली होती, मागच्या बाकांवर पोरं मॅचवरून भांडत होती, आणि मी मांडीवर नव्या ब्रोशरचा मसुदा घेऊन त्यातल्या ‘दुप्पट’ या शब्दाकडे बघत बसलो होतो. दादाचा आवाज कधी नव्हे इतका बारीक होता. “नलू उठत नाहीये रे... तू ये.” मी “हो, हो, येतो” म्हणालो, फोन खिशात ठेवला, ड्रायव्हरला बस थांबवायला सांगितली, उतरलो, रस्ता ओलांडला आणि परत जाणाऱ्या बसची वाट बघत उभा राहिलो. तिथे उभं असताना मनात काय आलं ते खरं सांगायचं तर, ब्रोशर आता इतक्यात छापायला जात नाही, एवढंच आलं. मी पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं. मेंदूतली रक्तवाहिनी फुटली, असं डॉक्टर म्हणाले. कागदावर चित्र काढून त्यांनी समजावूनही सांगितलं. मी ते चित्र लक्ष देऊन पाहिलं आणि मान डोलावली.

नलिनीवहिनी ही माझ्या थोरल्या भावाची बायको. घरात खाली दादा-वहिनी, वर मी एकटा, आणि माझं जेवण खाली. आमच्या घरातलं मराठी निम्मं कन्नडच. पुण्याचे पाहुणे आले की ओठ दाबून ऐकतात. वहिनींचं वाक्य मराठीत सुरू व्हायचं, कन्नडमध्ये संपायचं, आणि मध्ये कुठे वळलं ते त्यांनाही सांगता आलं नसतं. त्या आणि मी कडकोळच्या एकाच कंपनीत, त्या माझ्या नंतरच्या बसनं यायच्या. गावोगावच्या दूध सोसायट्यांसाठी आमची कंपनी एक यंत्र बनवते. दूध ओतलं की वजन होतं, फॅट कळतं, बटण दाबलं की पावती निघते. ही यंत्रं मी विकायचो आणि वहिनी तपासायच्या. म्हणजे दिवसभर मी जे फुगवायचो, त्यातली हवा त्या संध्याकाळी काढायच्या.

या यंत्राच्या पोटात एक छोटा डेटाबेस असतो. बँकेचा डेटाबेस दूर कुठल्यातरी थंडगार खोलीत असतो आणि आपण त्याच्याशी लांबून बोलतो. आमचा मात्र यंत्रातच, एका फाईलमध्ये बसलेला. गावात दूध घालणाऱ्या प्रत्येकाचं नाव, त्याचं सकाळ-संध्याकाळचं दूध, सगळं त्यात. इंटरनेट असो वा नसो, त्याचं काम अडत नाही. तो आम्ही बनवलेला नाही, बाहेरून घेतलेला आहे. त्याचं नवं व्हर्जन आलं की आम्ही ते आमच्या यंत्रात घालतो, आणि प्रत्येक व्हर्जनबरोबर एक दावा येतो, की हे आधीपेक्षा वेगवान आहे. किती वेगवान, यावर आमच्या घरी जेवणाच्या टेबलावर वाद व्हायचे. मला मोठा आकडा हवा असायचा, वहिनींना खरा. दादा बिचारा आम्हा दोघांच्या पानात सार वाढत राहायचा.

यंदा नवं व्हर्जन आलं तेव्हा ऑफिसातल्या मुलांनी टेबलावर यंत्र ठेवून मोजमाप केलं आणि मीटिंगमध्ये भिंतीवर आलेख दाखवला. नवं व्हर्जन जुन्याच्या दुप्पट वेगाने पावती काढत होतं. मी मनातल्या मनात ब्रोशर लिहायलाही घेतलं. वहिनी चष्मा कपाळावर चढवून बराच वेळ आलेख बघत होत्या. मग म्हणाल्या, “पहिलं रीडिंग कुठे आहे?” आलेख करणारा मुलगा हुशार होता. तो म्हणाला, “ते वॉर्म-अपचं, मॅडम. यंत्र सुरू केल्यावर पहिल्यांदा फाईल उघडायला वेळ लागतो. नंतर सगळं मेमरीत येतं. म्हणून पहिलं टाकून देतो आणि बाकीच्यांची सरासरी काढतो.” सगळेच असं करतात, त्यात त्याचं काही चुकलं नव्हतं. वहिनी म्हणाल्या, “सोसायटीतलं यंत्र रात्रभर बंद असतं ना? सकाळी ते सुरू झालं की रांगेत कुणीतरी पहिली उभी असतेच की. तिला काय सांगायचं, तू वॉर्म-अप आहेस म्हणून?” मुलं हसली. वहिनी हसल्या नाहीत. “आणि फाईल कुठली वापरलीत? नवी कोरी? गावात कोरी फाईल कुणाकडे असते?”

त्यांच्या कपाटात जुन्या फायलींच्या प्रती असत. दुरुस्तीला आलेल्या यंत्रांमधून, सोसायटीला विचारून घेतलेल्या. त्या फायलींमध्ये वर्षानुवर्षांची लिहापुशी होती. दोनदा नोंदलेली माणसं, गाय विकून मोकळे झालेले, वारल्यावरही ज्यांचं खातं कुणी बंद केलं नाही असे. वापरातली फाईल ही घरातल्या माळ्यासारखी असते, वस्तू असते पण हाताला लागायला वेळ लागतो. त्या फायलींवर, दमलेल्या जुन्या यंत्रांवर, पहिलं रीडिंग धरून मोजलं तेव्हा ‘दुप्पट’चं पार पाणी झालं. मी चिडलो. त्या रात्री जेवताना मी म्हणालो, “वहिनी, कंपनी तुम्हाला पगार देते ती माल खपावा म्हणून, अल्वा?” त्या म्हणाल्या, “भावजी, तुमच्या स्कूटरचं मायलेज कंपनीनं किती सांगितलं होतं? आणि मिळतं किती? त्यांनी मोजलं तेव्हा वर तुम्ही बसलेले नव्हता.” दादाला इतका जोराचा ठसका लागला की मला भांडण सोडून त्याची पाठ चोळावी लागली. माझ्या वजनावरून घरात एरवी कुणी बोलत नसे.

पण टेबलावरच्या आकड्यांवर, अगदी स्वतःच्या आकड्यांवरही, त्यांचा पुरता भरवसा नसायचा. जिथे यंत्र चालतं तिथे जाऊन बघायचं, ही त्यांची रीत होती. एच. डी. कोटेच्या पुढे, कबिनीच्या पाण्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर एक गाव आहे. तिथल्या सोसायटीत आमचं सर्वांत जुनं यंत्र अजून चालू आहे. नवं व्हर्जन घालण्याआधी जुन्या व्हर्जनवर काय घडतं ते पाहायला त्या तिथे गेल्या, आणि सोसायटीवाल्यांशी ओळख माझी म्हणून मलाही ओढून नेलं. कोटेच्या लॉजवर मुक्काम आणि पहाटे उठून गावात. मी कुरकुरत होतो. थंडी होती आणि चहाची टपरी उघडायची होती.

तिथे आम्ही रत्नम्माला पाहिलं. चाळिशीची, काटक, हातात दुधाचा कॅन, काखेत जेवणाचा डबा. कोटेला मुलींच्या वसतिगृहात ती स्वयंपाकाला जाते, आणि त्यासाठी तिला गावातून सकाळची पहिली बस गाठावी लागते. ती चुकली तर दुसरी बस येईपर्यंत मुली न्याहरीवाचून खोळंबतात आणि बोलणी रत्नम्माला बसतात. दूध ओतून तसंच पळावं म्हटलं तर तेही नाही, कारण त्या गावात पावती हातात आल्याखेरीज कुणी जागचं हलत नाही. मागे कधीतरी नोंदींवरून मोठं भांडण झालं होतं, तेव्हापासूनचा हा रिवाज. तिची ओढाताण बघून गावानं तिला रांगेतला पहिला नंबर देऊन टाकला होता. कुणी कितीही लवकर येवो, रत्नम्मा पुढे. आणि गंमत अशी की गावानं चांगुलपणानं दिलेला तो पहिला नंबर यंत्राच्या हिशेबानं सगळ्यांत वाईट होता. यंत्र नुकतंच जागं झालेलं, जुनी फाईल धापा टाकत उघडतेय, पडद्यावर छोटं चाक फिरतंय, तळ्याच्या वळणावर बसचा हॉर्न, आणि रत्नम्मा एका पायावर उभी. तिच्या मागच्या माणसाची पावती झटकन निघायची. पण त्याला कुठे जायचं नसायचं!

मी वहिनींकडे पाहिलं तर त्यांच्या हातात स्टॉपवॉच होतं, पण त्या त्याच्याकडे बघतच नव्हत्या. त्या बसकडे बघत होत्या. पावती निघाली, रत्नम्मानं ती हिसकली आणि कॅन तिथेच टाकून धावत सुटली. त्या दिवशी बस मिळाली. दुसऱ्या दिवशी मिळाली नाही. तिसऱ्या दिवशी वहिनी स्वतःच तिच्यामागे पदर खोचून धावल्या आणि बसमध्ये चढल्या, मला काही न सांगता. दुसऱ्या बसनं परत आल्या तेव्हा त्यांना वसतिगृहातल्या चुली किती, मुलींना उप्पिट्टू आवडतं की इडली, सगळं माहीत होतं आणि रत्नम्मा त्यांना ‘अक्का’ म्हणायला लागली होती. त्या सकाळपासून आकड्यांशेजारी त्या आणखी एक गोष्ट लिहू लागल्या, बस मिळाली की चुकली. “भावजी, आपल्याला मोजायचंय ते हे,” त्या म्हणाल्या. “बाकीचं सगळं आपलं आपल्यालाच खूश करायला.” नवं व्हर्जन घालून पुन्हा यायचं, असं ठरवून आम्ही निघालो.

पुन्हा कोटेला जायच्या आदल्या आठवड्यात त्या वारल्या. शेवटचं बोलणं झालं तेही याच विषयावर. मी ब्रोशर घेऊन खाली गेलो होतो, त्या कोथिंबीर निवडत होत्या. कागद हातात न घेताच म्हणाल्या, “सुम्ने, उगीच काहीतरी छापू नका हां. ‘दुप्पट’ काढा आधी. कोटेहून आल्यावर किती ते सांगते.” मी म्हणालो, “तुमच्या त्या बसपायी माझा छापखाना अडून बसलाय, वहिनी.” “स्वल्प थांबा की,” त्या म्हणाल्या, आणि कोथिंबिरीची पिवळी पानं माझ्या ब्रोशरवर ठेवली. मी तसाच वर निघून गेलो. भांडण नव्हतं. रागही नव्हता. एरवी कुठल्याही संध्याकाळी झालं असतं तसंच बोलणं होतं ते.

पुढचे दिवस कसे गेले याचं वर्णन मला करता येत नाही, कारण मी त्यात होतो असं वाटतच नाही. करायचं ते सगळं केलं. नातेवाइकांना स्टेशनवरून आणलं, पाण्याची टाकी भरली की नाही ते बघितलं, भाड्याच्या खुर्च्या मोजून परत केल्या. दादा उघड उघड रडत होता, पाठीवर कुणी हात ठेवला की आणखी रडत होता, आणि मला त्याचा हेवा वाटत होता. मला भूक व्यवस्थित लागत होती. हे मला अजून खटकतं... जेवायला बसलो की मी पोटभर जेवायचो. आमची एक मावशी म्हणाली, “अय्यो, असा दगडासारखा बसू नकोस रे, मन मोकळं कर.” मी बरं म्हणालो. मोकळं करायला आत काही सापडेना. आणि वहिनी गेल्या हे मला कुणाला सांगावंच लागलं नाही. जो भेटायचा त्याला आधीच माहीत असायचं. लोक माझ्याकडे यायचे, हात हातात घ्यायचे आणि मान हलवायचे. तेरावं झालं तरी ‘वहिनी गेल्या’ हे वाक्य मी एकदाही तोंडानं उच्चारलं नव्हतं.

कामावर गेलो तर तिसऱ्याच दिवशी साहेबांनी बोलावलं. साहेब भला माणूस, वहिनींना मानणारा. हळू आवाजात म्हणाले, “व्हर्जन बरेच दिवस अडकलंय. टेबलावरचे आकडे चांगले आहेत. त्या असत्या तर गोष्ट वेगळी होती. आता बाजारात सोडू या. तुलाही ‘दुप्पट’ हवंच होतं.” मला हवंच होतं, ते खरं. ‘बरं’ म्हणायला मी तोंड उघडलं आणि शब्द आले ते असे, “कोटेचं राहिलंय, साहेब.” ते माझ्याकडे बघत राहिले. मीही जरा चकितच झालो. यात वहिनींवरची निष्ठा वगैरे काही नव्हती, उगीच मोठेपणा घेत नाही. दादाच्या समोर बसून जेवण्यापेक्षा कोटेला जाणं सोपं वाटलं. हाताला काम मिळत होतं.

कंपनीची जीप घेऊन गावात पोचलो ते संध्याकाळी, दूध घालून लोक गेल्यावर. सोसायटीच्या सेक्रेटरीला फोनवर फक्त ‘तपासणीला येतोय’ इतकंच सांगितलं होतं. कुणासोबत, कुणाशिवाय, ते त्यानं विचारलं नाही. किल्ली देऊन तो लग्नाला निघून गेला आणि दुसऱ्या दिवशीच्या कामाला त्याचा पुतण्या बसणार होता. मी यंत्रात नवं व्हर्जन घातलं. जुनी फाईल नव्या पद्धतीनं लावून घ्यायला त्याला पुष्कळ वेळ लागला, तोवर बाहेरच्या पायरीवर बसून राहिलो. मग वहिनींच्या रीतीप्रमाणे यंत्र पूर्ण बंद केलं, कुलूप लावलं आणि लॉजवर येऊन झोपलो. हो, झोपही मला चांगली लागत होती.

सकाळी यंत्र सुरू केलं तेव्हा रांग उभी होती आणि पुढे रत्नम्मा. मला पाहून तिनं नुसती मान हलवली, तिचं सगळं लक्ष तळ्याच्या वळणाकडे. दूध ओतलं. वजन आलं, फॅट आलं. पुतण्यानं बटण दाबलं, मी स्टॉपवॉच दाबलं. चाक फिरायला लागलं... आणि पावती बाहेर आली. दुप्पट नव्हे, दुप्पटच्या जवळपासही नव्हे. पण हॉर्न अजून वाजला नव्हता. रत्नम्मानं सवयीनं पावती हिसकली, धावायला वळली, आणि थांबली. कान देऊन ऐकलं. बस अजून वळणाच्या पलीकडेच होती. तिला चक्क वेळ उरला होता. तो कशात घालवावा हे तिला कळेना. तिनं पदर नीट केला. कॅन भिंतीशी सरळ ठेवला. मग इकडेतिकडे पाहिलं, माझ्या मागे पाहिलं, जीपकडे पाहिलं आणि विचारलं, “अक्का बरलिल्वा?” अक्का आली नाही का?

मी म्हणालो, “तीर्कोंड्रु.” वारल्या. कन्नडमध्ये ते एका शब्दात होतं. माझ्या तोंडून तो शब्द पहिल्यांदाच बाहेर पडत होता, आणि बाहेर पडल्यावर मला तो दुसऱ्याच कुणीतरी मला सांगितल्यासारखा ऐकू आला. रत्नम्मा पायरीवर बसली आणि शेजारच्या जागेवर हात आपटून मला बसायला लावलं. हॉर्न वाजला. बस आली, थांबली. कंडक्टरनं तिच्या नावानं दोन हाका मारल्या, रांगेतल्यांनी “बस, बस” म्हणून ओरडून सांगितलं. “होग्ली,” रत्नम्मा म्हणाली. जाऊ दे. आणि बस गेली. “काय झालं अक्काला?” तिनं विचारलं, आणि मी सांगायला लागलो. दादाचा फोन, रस्ता ओलांडून उभा राहिलो ते, डॉक्टरांचं चित्र, कोथिंबिरीची पानं, मला लागणारी भूक, सगळं. मागे यंत्र भराभर पावत्या काढत होतं, माणसं आम्हाला वळसा घालून जात होती. रडलो का, ते मला नक्की सांगता येत नाही, पण रत्नम्मानं आपल्या बाटलीतलं पाणी मला तोंड धुवायला दिलं होतं. दुसरी बस येईपर्यंत मी बोलत होतो.

दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजलं, कारण एका सकाळच्या मोजणीवर वहिनींनी काहीच मान्य केलं नसतं. त्या दिवशी रत्नम्मा बसकडे चालत गेली. मी तिला चालताना पाहिलंच नव्हतं कधी.

कडकोळला येऊन साहेबांना निकाल दिला. पहिला दिवस, पावती वेळेत, बस चुकली. दुसरा दिवस, पावती वेळेत, बस मिळाली. ते गोंधळले. “पावती वेळेत होती तर बस कशी चुकली? पहिलं रीडिंग काढून टाक, काहीतरी गडबड आहे त्यात.” मी म्हणालो, काढायचं नाही, गडबड नाही. “बरं, मग वेग वाढला की नाही?” वाढला, मी म्हणालो. “किती?” माझ्याकडे आकडा होता, स्टॉपवॉचवरून उतरवलेला. तो मी दिला. पण साहेब अजून माझ्याकडेच बघत होते, म्हणून खरं होतं तेही सांगितलं. रांगेतल्या पहिल्या बाईला क्षणभर थांबून, जी आली नाही तिची चौकशी करता येईल, इतका.